पेन्सिल सेलची बॅटरी

आमच्या ह्यांचा आवाज काय होता म्हणून सांगू! वावरातून एक हाक मारली की नाल्यापलीकडची ढोरं चरता चरता मान वर करायची. गावात कोणाला निरोप द्यायचा असला तर लोक फोन लावायचे नाहीत, ह्यांनाच म्हणायचे, "भाऊ, एक हाक देऊन द्या ना तुमीच." आणि हेही रस्त्यात उभे राहून द्यायचे. मला लाज वाटायची. ह्यांना नाही.

माझं नाव त्यांनी लग्नापासून कधी घेतलं नाही, मीही त्यांचं घेतलं नाही. आमच्या वयाच्या लोकांत ती रीतच नव्हती. त्यांची मला हाक एकच. "अवंऽऽऽ... अवं!" पहिली लांब, वावराच्या या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत ताणलेली. दुसरी आखूड, कचकन तोडलेली. मी म्हणायची, "कायऽऽ?" काम बहुतेक वेळा फालतू असायचं. विळा कुठं ठेवला, पाण्याची कॅन आण, चुन्याची डबी सापडत नाही. मी तणतणत जायची. "साऱ्या शिवाराले कायले सांगता डबी हरपली म्हणून?" म्हणायची. "बायको बहिरी असन तं माणसानं काय करावं?" असं म्हणून हे हसायचे, आणि हसणंही असं की झाडावरचे पोपट उडावेत.

मग घसा बसला. सर्दी आहे म्हणाले, हळदीचं दूध प्यायले, बिडी चालूच. आमची एकुलती लेक अकोल्याला एका दवाखान्यात नर्स आहे. ती सणाला आली, बापाचं बोलणं ऐकलं आणि सण टाकून त्यांना घेऊन गेली. घशात गाठ निघाली. डॉक्टर भला माणूस, सगळं नीट समजावून सांगितलं. आवाजाची पेटीच काढावी लागेल, श्वासासाठी मानेला कायमचं छिद्र ठेवावं लागेल. आवाज परत येणार नाही. मी म्हटलं, "साहेब, माणूस द्या. बोलायचं काम मी पाहीन दोघांचं." डॉक्टर हसले. हेही हसले, आवाज असतानाचं त्यांचं ते शेवटचं हसणं. माणूस परत दिला त्यांनी. त्या डॉक्टरला मी सकाळी देवापुढं हात जोडले की देवाच्या आधी आठवते, देवाला राग आला तर येवो.

घरी आल्यावर एकेक गोष्ट कळत गेली. मानेच्या छिद्रावर पांढरं फडकं बांधायचं, धूळ जाऊ द्यायची नाही, पाणी तर अजिबात नाही. लेकीनं बजावून सांगितलं, "आई, नाकातोंडात पाणी गेलं तर माणूस ठसकते. बाबाच्या मानेतून पाणी गेलं तर सरळ फुप्फुसात." चहा फुंकून प्यायची सवय, पण फुंकर तोंडातून येईच ना. कारण हवा आता तोंडात येतच नव्हती. हे गरम बशीकडे नुसते पाहत बसायचे. मी आपली पदरानं वारा घालायची.

आमचं खालचं वावर नाल्याच्या काठानं लांबट पसरलेलं आहे. या टोकाला विहीर आणि मोटार, त्या टोकाला आमचा हरभरा. विजेच्या लाइनीचं तर तुम्हाला माहीत आहेच. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या लाइनीत आम्ही पहाटेचा भाग धरायचो, कारण पहाटे लाइन जरा दमदार राहते. आधी हे पाइप आणि स्प्रिंकलर बदलायचे, मी विहिरीवर स्टार्टरपाशी बसायची. आता पाण्यात ह्यांना जाऊ देणं शक्यच नव्हतं. कामं बदलली. मी पाइपांवर, हे स्टार्टरवर.

इथंच सारं अडलं. पाइप बदलायचे म्हणजे आधी मोटार बंद पाहिजे, जोडून झाले की चालू. मी त्या टोकाहून ओरडायची, "बंद कराऽ!" ह्यांना ऐकू जायचं, पण केली की नाही हे मला सांगणार कोण? जोड उघडला आणि पाणी तोंडावर, असं किती वेळा झालं. ते एक वेळ चालेल. पण अंधारात विहिरीपाशी ह्यांना काही झालं, पाय घसरला, पान लागलं, तर? आम्ही पहाटे सापाला साप म्हणत नाही. आवाज नसलेला माणूस तिथं पडून राहील आणि मी इकडं शंभर हातांवर हरभऱ्याला पाणी देत राहीन.

धाकटे दीर समजूतदार. ते म्हणाले, "वयनी, वावर ठोक्यानं देऊन टाका कोणाले. दादाले आता झेपत नाई." हे बाजेवर बसले होते. उठले, कुदळ खांद्यावर टाकली आणि भर दुपारी वावरात निघून गेले. काम काहीच नव्हतं तिथं. संध्याकाळी परत आले तेव्हा धुऱ्याची सारी बोरीची झुडपं उपटून आले होते, हात काट्यांनी फाटलेले.

वावर ठोक्यानं, म्हणजे वर्षाचे ठरावीक पैसे घेऊन दुसऱ्याला कसायला दिलं असतं तर आम्ही उपाशी मेलो नसतो. पण मला दिसत होतं, आवाज गेला आणि वर वावरही गेलं तर हा माणूस बाजेवर बसून भिंत पाहत राहील. तो डॉक्टरनं दिला कशासाठी मग? म्हणून मी मनाशी म्हटलं, वावर द्यायचं नाही आणि माणूसही घालवायचा नाही. हट्टी आहेच मी. माझी सासू म्हणायची, सुंभ जळेल पण हिचा पीळ जाणार नाही.

उपाय सगळ्यांनी सुचवले. दिरांनी शिट्टी आणली. अगा बाप्पा, शिट्टी वाजवायला फुंकर नको का? हे शिट्टी ओठांत धरून उभे, गाल फुगवतात, डोळे मोठे करतात, आवाज मानेच्या फडक्यातून फुस्स. दिरांच्या लक्षात आलं तसे ते कानापर्यंत लाल झाले. कोणी म्हणालं मोबाइलवर मिस कॉल द्या. खालच्या वावरात रेंज येते ती फक्त कडुलिंबाच्या झाडावर चढलं तर. बैलाची घंटा बांधून पाहिली. पण शेजारच्या वावरात बैल, त्यांच्याही गळ्यात घंटा. मी दोनदा शेजाऱ्याच्या बैलाचं ऐकून पाइप उघडले.

मग लेकीनं बॅटरी पाठवली. आम्ही टॉर्चला बॅटरीच म्हणतो. चार्जिंगची, लांबलचक, उजेड असा की दिवस उगवल्यासारखा. आम्ही खुणा ठरवल्या. उजेड वरखाली केला म्हणजे मोटार चालू, आडवा हलवला म्हणजे बंद, गोल फिरवला म्हणजे इकडं ये. छान जमलं. पण चार्जिंगच्या वस्तूचं पाहुण्यासारखं असतं, मान राखला तर राहणार. घरची लाइन गेली, ती उपाशी. पिन ढिली झाली, ती रुसली. एका पहाटे ह्यांनी मोटार बंद करून खूण करायला ती उचलली, लाल दिवा लुकलुकला आणि डोळे मिटले तिनं. मी तिकडं वाट पाहते, इकडं हे अंधारात हात हलवतात. कोणाला दिसणार हात?

लेकीला मी फोनवर म्हटलं, "बाई, तुयी बॅटरी लय हुशार हाये, पण आमच्या लाइनीले हुशारी समजत नाई." ती म्हणाली, "आई, मग सेलवाली घे. पेन्सिल सेलची. ते सेल कुठंही भेटतात." पोरीला दवाखान्यात राहून नीट विचार करायची सवय लागलीय. घड्याळात सेल, रिमोटमध्ये सेल, किराण्यात साबणाच्या शेजारी सेल. खरंच, पेन्सिल सेल कुठं नाही?

जऊळक्याच्या बाजारातून मी एक बॅटरी आणली. पेन्सिल सेलची, काळी, चमकदार, पुढचं तोंड मागंपुढं केलं की उजेड लहानमोठा. बटन बाजूला. दुकानदारानं दाखवलं, एकदा दाबलं की तेज, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा लुकलुक, चौथ्यांदा बंद. "तीन मोड हाये मावशी, एकात तीन." मला वाटलं, एकीच्या भावात तीन मिळतात, सोडा कशाला? आपली बायकांची जात, फुकटची कोथिंबीर सोडवत नाही.

आता आमच्या शिवाराची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगितली पाहिजे. रानडुकरं आली की ज्याच्या वावरात दिसतील त्यानं बॅटरी लुकलुकवायची. हाक दूरवर पोचत नाही, उजेड पोचतो. एकाची लुकलुक दिसली की जो जागा असेल तो हातात मिळेल ते घेऊन धावतो. डबा, काठी, सुतळी बॉम्ब. आज तुझं वावर, उद्या माझं. त्यात कोणी आळस करत नाही.

पहिल्याच पहाटे मी तिकडून ओरडले, "बंद कराऽ!" ह्यांनी बंद केली आणि खूण करायला बॅटरी पेटवली. खूण झाली, आता विझवायची, तर एकदा दाबल्यावर ती मंद झाली. पुन्हा दाबलं, लुकलुक सुरू. ह्यांना वाटलं बिघडली. पुन्हा दाबलं, बंद. पुन्हा, तेज. पुन्हा, मंद. पुन्हा, लुकलुक. मी पाहतेय तर विहिरीपाशी नुसता गोंधळ. एवढ्यात डाव्या वावरातून, "हाऽऽ हाऽऽ! डुकरंऽऽ!" उजवीकडून डबा वाजायला लागला. नाल्यापलीकडून दोघंजण धोतर खोचून पळत आले. कोणीतरी सुतळी बॉम्ब फोडला, त्यानं आमचाच बैल दावं तोडून गेला. सारं शिवार आमच्या विहिरीवर गोळा! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं.

लोक हसले. हसणारच, मीही हसले. "भाऊ, डुकरं कुठं हाये?" "दादा, डुकराले बॅटरी दाखवून नाचवून राह्यले काय?" कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण उजेड ह्यांच्या तोंडावर पडला तेव्हा मी पाहिलं. तोंड उघडलेलं होतं. "नाही, नाही, डुकरं नाहीत," असं ते सगळ्यांना सांगत होते, जोरजोरात, गळ्याच्या शिरा ताणून, आणि आवाज काहीच निघत नव्हता. ज्याच्या हाकेनं नाल्यापलीकडची ढोरं वर पाहायची तो माणूस. माझं हसू तिथंच थिजलं.

त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी ती काळी बॅटरी माझ्यापुढं ठेवली. मग दिरांच्या घराकडं बोट दाखवलं, वावराकडं बोट दाखवलं आणि हात झटकले. देऊन टाक म्हणे ठोक्यानं.

मी म्हटलं, "देते ना. पण आधी वाशीमले चला माह्यासंगं. एक बॅटरी माह्या मनानं घेऊ. नाई जमली तं ठोक्यानं काय, फुकट देऊन टाकू." हे मान हलवत राहिले. मी चपला घातल्या. ज्या घरात एकच जण बोलतो त्या घरात त्याचंच चालतं, हा एक फायदा झाला मला त्या ऑपरेशनचा.

वाशीमला बाजारात एक विजेच्या सामानाचं दुकान आहे. मालक माझ्या लेकीच्या वयाचा. मी म्हटलं, "भाऊ, बॅटऱ्या दाखवा. पेन्सिल सेलच्याच. चार्जिंगची दाखवली तं मी उठून जाईन." त्यानं काउंटरवर ओळ मांडली. प्लास्टिकची, लोखंडी, एका सेलची, दोन सेलची, कपाळाला बांधायची, चिमट्याची. मी एकेक हातात घेऊन बटन दाबत सुटले. "मावशी, उजाडात काय समजन तुमाले?" तो म्हणाला. "मंग अंधार दाखवा," मी म्हटलं. बिचाऱ्यानं मागचं गोदाम उघडून दिलं. वायरीच्या गुंडाळ्या, पंख्यांची खोकी, बल्बांच्या पेट्या. ह्यांना मी आतल्या कोपऱ्यात उभं केलं, मी दारात. गिऱ्हाइकं बाहेर खोळंबली होती आणि आमची आत पहाटेच्या पाण्याची पाळी चाललेली. तो पोरगा एका शब्दानं चिडला नाही. त्याचं भलं होवो.

"ही पाहा, दोन सेलची. लांब मारते," तो म्हणाला. खरंच लांब मारत होती. मला तीच पसंत पडली होती. पण ह्यांनी ती घेतली आणि डावा हात मानेवर ठेवून दाखवला. वाऱ्यात, धुळीत एक हात नेहमी फडक्यावर लागतो त्यांना. म्हणजे सगळं एका हातानं झालं पाहिजे, अंगठ्यानं, न पाहता. दोन सेलची लांबट, तिचं बटन मधे. मूठ बदलल्याशिवाय अंगठा तिथं पोचत नव्हता.

मग त्या ढिगातून ह्यांनी स्वतःच एक उचलली. एका सेलची, बोटाएवढी, अंगाला खरखरीत, बटन शेपटीला. मुठीत धरली की अंगठा आपोआप बटनावर. ह्यांनी हलकं दाबलं, पेटली. सोडलं, विझली. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. "हे काय भाऊ, अर्धं दाबलं तरी पेटते?" मी विचारलं.

"हो मावशी. अर्धं दाबा तं बोट हाये तोवर उजेड. पुरं दाबलं, टक् वाजलं, की मंग चालूच राह्यते."

"आन् लुकलुक?"

"नाई त्याच्यात. मोडच नाई. म्हणून तं खपत नाई ते. लोकाइले मोड पाह्यजे."

"आमाले नको. एक बटन, एक काम. पण एवढ्याशा उजेडात दिसते काय?"

तो हसला. म्हणाला, "मावशी, तुमाले त्याच्यात पाहाचं हाये, का ते दूरून दिसलं पाह्यजे?" मी बाहेर आले, रस्ता ओलांडला, ऑटो-मोटारसायकलींच्या गर्दीत पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. हे दुकानाच्या आत. भर उन्हात आतून तो ठिपका असा लखकन दिसला की रसवंतीवाल्यानंही वळून पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला उजेड पाहिजेच नव्हता, निरोप पाहिजे होता. काजवा किती मोठा असतो? पण रात्री नजरेतून सुटतो का?

आम्ही दोन घेतल्या, एक त्यांना, एक मला. गळ्यात अडकवता येत नव्हती, छिद्रावर आपटली असती. म्हणून मी ह्यांच्याच कमरेच्या करगोट्याचा दोरा कापून मनगटाला बांधून दिली. हे राखी बांधल्यासारखा हात पुढं करून बसले. मी म्हटलं, "ओवाळणी टाका." त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली.

खुणा सोप्या झाल्या. उजेडाचा एक झपका म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. मी ओरडायची, ते झपकवायचे. महिनाभरात माझी साडी एकदाही भिजली नाही. एकदा पहाटे सेल संपला, घरात दुसरा नाही. मी भिंतीवरच्या घड्याळातला काढून घातला. ह्यांनी थांबलेल्या काट्यांकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, "घड्याळ थांबते वो, चना थांबत नाई." घड्याळ तसंच बंद राहिलं पुढच्या बाजारापर्यंत. कोणाचं काही अडलं नाही.

आणि मग हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरत असताना ती पहाट आली.

मी त्या टोकाला होते. स्प्रिंकलर छान फिरत होते आणि एकाएकी त्यांनी मान टाकली. पाण्याचा जोर गेला. मला वाटलं लाइन गेली. पण शेजारच्या वावरातला बल्ब जळत होता. मी ओरडले, "अवोऽ! काय झालंऽ?" एक झपका नाही, दोन नाही. आणि मग विहिरीपाशी उजेड लुकलुकायला लागला. टकटकटक, थांबून, पुन्हा टकटकटक. पहिल्यांदा मनात आलं, खरंच डुकरं दिसली की काय ह्यांना? मग लक्षात आलं, उजेड फार खाली आहे, जमिनीला लागून. माणूस उभा असता तर तो एवढा खाली नसता. मी हातातला पाइप टाकला आणि पळत सुटले. चिखलात पाय रुततात, साडी पायात येते. त्या वेळी मलाच आवाज नव्हता.

पण शिवाराला होता. "हाऽऽ हाऽऽ! डुकरंऽऽ!" डावीकडं एक बॅटरी पेटली, उजवीकडं दोन, नाल्यापलीकडं चार. सगळे उजेड एकाच दिशेला पळायला लागले, आमच्या विहिरीकडं. डबा वाजला, सुतळी बॉम्ब फुटला. माझ्याआधी ते पोचले.

झालं होतं असं. मोटारीजवळचा पाइपाचा जोड निसटला आणि पाण्याचा फवारा सरळ ह्यांच्या छातीवर, मानेवर. हे उताणे पडले, पाणी छिद्रातून आत. उठता येईना, श्वास येईना, ओरडता तर येतच नव्हतं. पण अंगठा बटनावर होता. तीच डुकरांची लुकलुक त्यांनी स्वतःच्या बोटानं केली, ज्या लुकलुकीनं त्यांची फजिती झाली होती तीच. शेजारच्यानं आधी स्टार्टर पाडून मोटार बंद केली, मग ह्यांना पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या. मी पोचले तेव्हा हे चिखलात बसून खोकत होते, पाणी मानेतून बाहेर येत होतं. आणि अंगठा अजून दाबतच होता, टकटक, टकटक. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

एक म्हातारा शेजारी, हातात काठी, धापा टाकत म्हणाला, "भाऊ, डुक्कर कुठं हाये?" ह्यांनी हात वर केला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी हाये म्हणे. सगळे हसले, पोट धरून हसले, आणि मी तिथंच चिखलात बसून रडले.

किती जणांचे उपकार मानू? आधी झोपमोड करून फुकट धावून गेलेली माणसं, आपण पुन्हा फसवले जाऊ असं मनातही न आणता दुसऱ्यांदा धावली. लुकलुक दिसली की धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. धाकटे दीर उजाडल्यावर आले, त्या जोडावर नवी क्लँप घट्ट बसवली आणि चहा पिऊन गेले. ठोक्याचा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

माझ्या तोंडून निघाला. खोटं कशाला बोलू, त्या पहाटेनं माझं काळीज पाण्यासारखं झालं होतं. लेकीनं तपासून सगळं ठीक आहे म्हटलं तरी माझी झोप उडालेली. दोन-तीन दिवसांनी मीच म्हटलं, "राहू द्या आता. देऊन टाकू वावर. मले नाई होत हे." ह्यांनी मनगटावरची बॅटरी दाखवली. मी म्हटलं, "त्या दिवशी वाचले. दरवेळी वाचसान काय?" त्यांनी तोंड फिरवलं, मी तोंड फिरवलं. ज्या घरात एकच जण बोलतो त्या घरात अबोला धरला तर किती शांत होतं ते मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत होते. लाइन गेलेली, चुलीचाच काय तो उजेड. हे अंगणापलीकडं कोठ्यात ढोरांना वैरण टाकत होते. एकाएकी माझ्या समोरच्या भिंतीवर उजेड पडला. लांब, खूप लांब, हलता नाही, भिंतीला धरून राहिलेला. विझला. मग एक आखूड, कचकन तोडलेला.

चालूची खूण नव्हती ती. बंदची नव्हती, डुकरांची नव्हती. असली खूण आम्ही ठरवलीच नव्हती.

मग पुन्हा. एक लांब. एक आखूड.

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. एवढे महिने ती हाक माझ्या कानांवर आली नव्हती. मला वाटलं होतं, ती अकोल्याच्या दवाखान्यातच राहिली. तोंडातून आपोआप निघालं, "कायऽऽ?" मोठ्यानं, वावरात म्हणायची तसं.

तवा खाली उतरवला आणि अंगण ओलांडून गेले. हे कोठ्याच्या दारात उभे, अंगठा बटनावर. "काहून बोलावलं?" मी म्हटलं. "विळा हरपला का डबी?" त्यांनी मान हलवली. काही नाही म्हणे. काम काहीच नव्हतं. नुसते हसत होते, खांदे हलत होते, आवाज नाही.

मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "बरं बरं. सेल बदलून ठेवा तिचा. उद्या लाइन पहाटेची हाये."